सहा जणींची ‘तारिणी’, दोघींच्या हाती

‘तारिणी’ ही शिडाची नौका 56 फुटांची आहे. एसटीची गाडी साधारण दीडपट लांबवली तर एवढी होईल. या लांबीत झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, नकाशांचं टेबल, शिडांच्या पिशव्या, इंजिन आणि महिना-दीड महिन्याचा शिधा असं सगळं बसवायचं. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने ती बांधली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये ती नौदलात आली. लाकूड आणि फायबरग्लासचा सांगाडा, वजन सुमारे 23 टन, आराखडा डच. दिलीप दोंदे आणि नंतर अभिलाष टॉमी ज्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तिची ही धाकटी बहीण. नाव ओडिशातल्या तारा-तारिणी देवीवरून ठेवलेलं.

2017-18 मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी हीच नौका जगभर फिरवून आणली. 2 ऑक्टोबर 2024 रोजी ती पुन्हा गोव्याहून निघाली, तेव्हा तिच्यावर दोघीच होत्या : लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. एक कोळिकोडची, दुसरी पुदुच्चेरीची. नौका तीच, वाट जवळजवळ तीच, माणसं मात्र चार कमी. मला या मोहिमेत सर्वांत रस आहे तो या वजाबाकीत.

दोघांनी समुद्र ओलांडायचा हा प्रकार फ्रेंचांनी शर्यतीत मुरवला. ल आव्हरहून अटलांटिक पार करणारी शर्यत गेली तीस वर्षं दोघा-दोघांचीच आहे. ‘बार्सिलोना वर्ल्ड रेस’मध्ये तर न थांबता जगप्रदक्षिणा असायची. 2014-15 ची ती शर्यत बर्नार स्टाम आणि जाँ ल काम यांनी 84 दिवसांत जिंकली. त्यांची नौका लांबीला ‘तारिणी’पेक्षा थोडीच मोठी, पण कार्बनची आणि वजनाला जेमतेम तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ‘तारिणी’ शर्यतीचं घोडं नव्हेच. वजनामुळे ती लाटेत कमी उसळते, पण तिची शिडंही मोठी, आणि ती ओढायला हात चारच.

एकट्या माणसाचा हिशेब सरळ असतो. गजर लावायचा, डुलकी काढायची, जे होईल ते स्वतःचं. सहा जणींत पाळ्या लागतात आणि गप्पाही होतात. दोघांचं गणित सगळ्यात अवघड. एक जागा, एक झोपलेला. तीन-चार तासांनी अदलाबदल. रोजचं सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलट धरतो, पण वारा अचानक वाढला आणि मोठं शीड आखडायचं झालं की दुसऱ्याला उठवावंच लागतं. उठवायचं कधी, हाच खरा निर्णय. लवकर हाक मारली तर नुकतीच लागलेली झोप गेली, उशिरा मारली तर शीड फाटलं. त्यामुळे असे जोडीदार एकाच नौकेवर महिनोन् महिने राहूनही भेटतात ते पाळी बदलताना, पाच-दहा मिनिटं. त्यात वाऱ्याची दिशा, बॅटरीची पातळी, एखादा आवाज करणारा दोर, एवढंच बोलणं.

बाकीचं जगणं कलतीवरचं. चूल झुलत्या चौकटीत, म्हणजे नौका कलली तरी भांडं सरळ राहतं. अंथरुणाला कापडाचा आडोसा बांधलेला, नाहीतर झोपलेला माणूस थेट समोरच्या भिंतीवर. खाणं पुष्कळदा गरम पाणी ओतून फुलवायचं, पिण्याचं पाणी समुद्राचंच, यंत्रातून गोडं केलेलं. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं. आणि डेकवर पाऊल टाकायच्या आधी कमरेचा पट्टा दोराला अडकवायचा, रात्री तर नक्कीच. झोपलेल्या जोडीदाराला पाण्यात पडलेल्याची हाक ऐकू जाईलच असं नाही.

30 जानेवारी 2025 रोजी दोघी जमिनीपासून सर्वांत दूरच्या पॉइंट नीमोवरून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे 2,700 किलोमीटर. वर्तमानपत्रांनी त्याची मोठी बातमी केली. मला जास्त आवडली ती दुसरी गोष्ट : दोघींनी तिथल्या पाण्याचे नमुने भरून घेतले, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी. झोप अपुरी असताना बाटली बुडवायची, तिच्यावर खूण लिहायची आणि ती सांभाळून ठेवायची, यालाही शिस्त लागते. फेब्रुवारीत केप हॉर्न मागे पडलं. वाटेत 50 नॉटपर्यंतचे, म्हणजे साधारण ताशी 93 किलोमीटर वेगाचे वारे झेलावे लागले.

ही तयारी एका रात्रीत झाली नव्हती. दोघी 2023 मध्ये ‘तारिणी’वरूनच केपटाउन-रिओ शर्यतीत उतरल्या होत्या, तेव्हा इतर खलाशीही सोबत होते. 2024 च्या सुरुवातीला दोघींनीच गोव्याहून मॉरिशस गाठून परत यायचा सराव केला. शिकवायला अभिलाष टॉमी होते, ज्यांनी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत डोलकाठी मोडून पाठीला गंभीर इजा झालेल्या अवस्थेत सुटकेची वाट पाहिली होती.

फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन असे चार थांबे घेऊन मे 2025 अखेरीस ‘तारिणी’ गोव्याला परतली. अंतर 25,000 सागरी मैलांहून जास्त. आधीच्या फेरीत सहा जणींना 254 दिवस लागले होते. दोघींना आठ महिनेही पुरले.