सात पुस्तिका आणि एक धागा

खेळ म्हटला की हारजीत आली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सोंगट्या घ्या, बुद्धिबळ घ्या किंवा पत्ते घ्या. डाव संपला की कोणी तरी जिंकतो आणि पुढच्या डावासाठी पाटी कोरी होते. परंतु मेजाभोवती बसून खेळावयाचा एक खेळ असा आहे की, त्यात खेळाडू एकमेकांना हरवीत नाहीत, आणि एका बैठकीत जे घडले ते पुढच्या बैठकीत पुसले जात नाही. भूमिका घेऊन खेळावयाचा हा खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने १९७४ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक होत.

या खेळात एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, तर कोणी कुशल चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो : "समोर लोखंडी दार आहे, आतून गुरगुरण्याचा आवाज येतो आहे. आता तुम्ही काय करणार?" खेळाडू आपला बेत सांगतात आणि जेथे यशाची खात्री नसेल तेथे फासा टाकून निर्णय होतो. आपल्या कोकणातील दशावतारी नट लिखित संहितेवाचून रंगमंचावर संवाद रचीत जातात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की, दशावतारातील कथेचा शेवट सर्वांना आधीच ठाऊक असतो. येथे तो सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

दर बैठकीसाठी नवे कथानक रचणे मात्र प्रत्येकाला साधत नाही. त्यासाठी तयार साहसांच्या छापील पुस्तिका निघाल्या. पुस्तिकेत नकाशे असतात, प्रत्येक दालनात कोण आहे व काय दडले आहे याचे वर्णन असते, आणि हे साहस किती अनुभवी पात्रांना पेलेल याची सूचनाही असते. एक पुस्तिका चालविणे फारसे अवघड नाही. खरी कसोटी लागते ती अनेक पुस्तिका एकामागून एक गुंफून त्यांची एकच दीर्घ मोहीम करताना. येथे आपण अशाच एका प्रसिद्ध मालिकेचे उदाहरण घेऊ.

१९७८ साली गायगॅक्स यांच्या सहा पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. पहिल्या तीन राक्षसांविषयीच्या. माणसांच्या वस्त्यांवर राक्षसांच्या धाडी पडत आहेत. त्यांचे पारिपत्य करण्यासाठी वीरांना पाठविले जाते. प्रथम टेकडीवरील राक्षसांची लाकडी गढी, मग हिमराक्षसांची गोठलेली दरी, त्यानंतर अग्निराक्षसांच्या राजाचे सभागृह. तेथे पोहोचल्यावर उलगडा होतो की, या धाडींमागे ड्रो नावाच्या भूगर्भवासी जमातीतील एक्लाव्ड्रा ही स्त्री आहे. पुढील तीन पुस्तिका वीरांना भुयारांतून थेट त्या जमातीच्या नगरापर्यंत नेतात. १९८० साली सातवी पुस्तिका निघाली. तिच्यात लोल्थ या कोळ्यांच्या राणीशी सामना आहे.

राक्षसांविषयीच्या पुस्तिका मुळात स्पर्धेसाठी लिहिलेल्या होत्या. मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे १९७८ साली भरलेल्या 'ओरिजिन्स' या मेळाव्यात त्या खेळल्या गेल्या. स्पर्धेत अनेक संघांची तुलना करावयाची असते. म्हणून प्रत्येक संघापुढे तेच दालन, तोच शत्रू आणि तोच धोका ठेवावा लागतो. पुस्तिकांची बांधणी त्यामुळे नेटकी व ठाशीव झाली. घरी खेळताना मात्र तुलना करावयास दुसरा संघच नसतो. तेव्हा छापील ओळीला चिकटून राहण्याचे बंधन सूत्रधाराने स्वतःवर घालून घेण्याचे कारण नाही.

आता एक प्रसंग पाहू. पहिल्या पुस्तिकेत गढीच्या तळघरात बंड करून उठलेले गुलाम आहेत. समजा, आपल्या घरातील बारा-तेरा वर्षांच्या मुलीने आपल्या पात्राकरवी त्यांच्याशी मैत्री केली आणि त्यांना सुखरूप बाहेर काढले. तीन आठवड्यांनी आपण हिमराक्षसांची पुस्तिका उघडून बसता आणि ती विचारते, "त्या गुलामांचे पुढे काय झाले?" छापील पानाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे शक्यच नाही. सूत्रधाराने "ते आता राहू दे" असे म्हटले, तर आपल्या निर्णयाला मोल नाही, एवढेच ती शिकेल. पण दरीच्या वाटेवर त्यांपैकीच एखादा भेटला आणि त्याने पुढील पहाऱ्याची खबर दिली, तर तिचा शब्द कथेत रुजला, हे तिला दिसेल. सबंध मालिकेचे यश अशा लहान गोष्टींवर अवलंबून असते.

यासाठी सूत्रधाराने काही पथ्ये पाळावीत. पहिल्या बैठकीपूर्वी सर्व पुस्तिका एकदा वाचून काढाव्यात. शेवटी कोण भेटणार हे ठाऊक असले, म्हणजे त्याचे नाव आरंभीच सहज कानावर घालता येते. एक वही ठेवावी. तिच्यात कोण वाचले, कोण निसटले, कोणाला काय वचन दिले, हे प्रत्येक बैठकीनंतर टिपावे. निसटलेला शत्रू गप्प बसत नाही. तो पुढच्या ठिकाणी सावधगिरीचा इशारा देतो. दोन पुस्तिकांच्या मध्ये एखादी शांत बैठकही असावी. तीत जखमी बरे होतात, गावकरी भेटतात आणि खेळाडू पुढचा बेत स्वतः ठरवितात. मधल्या काळात पात्रांचा अनुभव फार वाढला किंवा कमी पडला, तर शत्रूंची संख्या त्या मानाने बदलावी.

छापील मालिकेतील धागासुद्धा कधी कधी तुटलेला असतो. सहाव्या पुस्तिकेपर्यंत कारस्थानाचे मूळ एक्लाव्ड्रा व तिचे घराणे यांच्याकडे आहे, आणि हे घराणे लोल्थच्या पुजारिणींच्या विरोधात आहे. सातव्या पुस्तिकेचे बरेचसे लेखन डेव्हिड सदरलँड यांनी केले, आणि तेथे सारा रोख लोल्थकडे वळला. १९८६ साली सातही पुस्तिका एका ग्रंथात आणल्या गेल्या, तेव्हा हे दुवे सांधण्यासाठी नवा मजकूर घालावा लागला. जे काम प्रकाशकाला आठ वर्षांनी करावे लागले, ते काम आपल्या मंडळीपुरते घरचा सूत्रधार कोणत्याही सायंकाळी करू शकतो. वीरांनी एक्लाव्ड्राशी तह केला असेल, तर शेवटचा प्रवास तिच्याच सांगण्यावरून का होऊ नये?

याच्या उलट टोकही आहे. १९८४ पासून 'ड्रॅगनलान्स' नावाची मालिका निघाली. ट्रेसी हिकमन हे तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. तिचे कथानक भव्य होते. नायकही आधीच घडविलेले होते, आणि त्यांच्या साहसांवर कादंबऱ्याही निघाल्या. परंतु कथा ठरलेल्या मार्गाने जाण्यासाठी ठरावीक पात्रे जिवंत राहणे आवश्यक होते. म्हणून महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू शक्यतो संदिग्ध ठेवावा, म्हणजे त्याला पुढे परत आणता येईल, अशी सूचना त्या पुस्तिकांत होती. कथेचा डौल त्यामुळे टिकतो. पण आपण काहीही केले तरी गाडी त्याच रुळावरून जाणार, अशी शंका खेळाडूला एकदा आली की त्याचा उत्साह मावळतो. मालिका चालविताना मुक्कामाचे ठिकाण नजरेसमोर असावे. वाट मात्र खेळाडूंची असावी.

राक्षसांच्या त्या तीन पुस्तिका २०१७ साली नव्या नियमांनुसार पुन्हा प्रसिद्ध झाल्या आहेत. आपल्या घरी हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, तर एकदम सातांचा पसारा मांडू नये. दोन लहान साहसे घ्यावीत आणि त्यांना जोडणारा एकच दुवा ठरवावा. एखादे पत्र, एखादा निसटलेला शत्रू किंवा एखादे अपुरे वचन. दुसऱ्या साहसाच्या आरंभी मुलांनाच विचारावे, "मागच्या वेळी काय घडले, ते सांगा पाहू." त्यांना जे आठवेल, तेच पुढे न्यावे. पुस्तिकेतील उत्तम प्रसंग त्यापायी गाळावा लागला, तरी हळहळ वाटू देऊ नये. तो छापलेला आहे; पुढे कधीही वापरता येईल. मुलांनी घडविलेला प्रसंग मात्र त्या दिवशी पुढे नेला नाही, तर तो पुन्हा हाती लागत नाही.