तोंडात भांडण, पोटात माया

आपण शेतकरी नक्षत्र पाहून पेरतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १९१६ च्या 'संशयकल्लोळ' नाटकात पात्रांना तशीच नावे दिली. पुरुष महिन्यांचे, फाल्गुनराव, अश्विनशेट. बायका नक्षत्रांच्या, कृत्तिका, रेवती. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरची, इंग्रजीतून आलेली.

रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर तिथे पडते, ती कृत्तिकेच्या हाती फाल्गुनरावाला दिसते. झाले! शब्दाला शब्द, टोमण्याला टोमणा. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण एकमेकांवर जीव नसता, तर दोघे इतके जळफळले असते का?

आपल्या चकलांब्याकडे कापूस वेचताना "तोंडापेक्षा हात चालवा" असे ऐकू येतेच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिथे थट्टा हाच विसावा. मात्र थट्टेत उत्तराला जागा असते, संशयात नसते. कृत्तिकेने आणि फाल्गुनरावाने पहिल्याच दिवशी नीट विचारले असते, तर नाटक एका अंकात आटोपले असते. रंगभूमीवर ते लांबले म्हणून मौज. घरात लांबवू नका. तण कोवळे असतानाच उपटावे. मनात शंका आली, तर आज रात्री जेवताना विचारून टाका.