बर्फाची बॅग पनवेलमध्ये भरताना

कर्नाळा, माणिकगड, प्रबळगड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पनवेलमधल्या ट्रेकरच्या घरी सॅक, हेडटॉर्च आणि बूट माळ्यावर तयारच असतात. हीच मंडळी हिवाळ्यात स्कीइंगसाठी गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलंगचा विचार करतात, तेव्हा ‘बरंचसं सामान आहेच की’ असं वाटणं साहजिक आहे. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे विमानही घराजवळ आलं. पण सह्याद्रीचं सामान बर्फात जसंच्या तसं चालत नाही आणि स्कीचं सगळं सामान विमानाच्या वजनात बसत नाही.

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे चेक-इनला १५ किलो आणि केबिनला ७ किलो मिळतात. बाइंडिंगसह, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीसह, स्कीची जोडी पाच ते सात किलो भरते, स्कीचे बूट तीन ते चार किलो. या दोन वस्तूंतच दहा किलोंच्या आसपास मजल जाते. म्हणून नवशिक्यांनी एक सूत्र धरावं: अंगाला लागतं ते आपलं, बर्फाला लागतं ते भाड्याचं. स्की, पोल, बूट गुलमर्गला भाड्याने मिळतात. तिथल्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेत कोर्स करणार असाल, तर काय काय संस्थेकडून मिळतं याची यादी आधी मागवा आणि खरेदीला त्यानंतरच निघा.

पायाचं माप घरीच घ्या

बूट अंगालाही लागतात आणि बर्फालाही, म्हणून खरी अडचण त्यांचीच. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, दोन्ही पावलं मोजा आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे सरावीत, एवढा बूट घट्ट हवा. थंडीच्या धास्तीने मोज्यांचे दोन जोड चढवू नका. त्यांच्या घड्या पडून फोड येतात, रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट जास्त गारठतात. गुडघ्याखालपर्यंत येणारा लोकरीचा एकच जोड पुरतो.

भाड्याच्या दुकानात वजन विचारलं तर लाजून कमी सांगू नका. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमचं कसब यांवरून बाइंडिंगचा ताण ठरतो. ताण जास्त झाला तर पडताना स्की पायातून सुटत नाही आणि गुडघा दुखावतो. कमी झाला तर स्की भलत्या वेळी निघून येते.

दमट हवेचा हिशेब

माळ्यावरच्या सामानाची तपासणी मात्र महिनाभर आधी करा. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत हळूहळू विघटित होत जातो. वरून धडधाकट दिसणारा बूट वापरात येताच तळ सोडतो, म्हणून जुने बूट घालून आधी कर्नाळ्याची एक फेरी मारा. जॅकेटवर नळाचं पाणी शिंपडून पाहा. थेंब ओघळले तर ठीक, कापड ओलं पडलं तर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे नव्याने मारावा लागेल. आतले कपडे सुती नकोत. सुती गंजी घाम धरून ठेवते आणि स्की-लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की तीच अंगावर गार पडते. आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर पुरेत.

उंचीही लक्षात घ्या. कळसूबाई १६४६ मीटर, गुलमर्ग सुमारे २६५० मीटर आणि तिथल्या गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा ३९०० मीटरच्या पुढे नेतो. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, ताजा बर्फ त्यांतली बरीचशी परत चेहऱ्यावर फेकतो. गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांचं मलम हे चैनीचं सामान नव्हे. चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल घ्या.

काय कुठे ठेवायचं

थर्मल, हातमोजे, गॉगल आणि औषधं केबिन बॅगेत ठेवा. चेक-इनची बॅग उशिरा आली तरी पहिला दिवस वाया जात नाही. पॉवर बँक केबिनमध्येच हवी, आणि १०० वॉट-अवरच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची. शेगडीचे गॅस कॅनिस्टर विमानात कुठेच चालत नाहीत. स्वतःचे पोल नेणार असाल तर ते चेक-इनलाच द्यावे लागतात. स्की नेणार असाल तर विमान कंपनीला आधी कळवून शुल्क विचारा. दिल्लीला विमान बदलणार असाल आणि तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर ज्या कंपनीची वजनाची मर्यादा कमी तीच धरून भरा.

खाऊच्या डब्यातून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवा. तेलामुळे त्या ज्वालाग्राही मानल्या जातात आणि केबिन असो की चेक-इन, दोन्हीकडे अडतात. चिक्की, खजूर बिनधास्त न्या.

गुलमर्गसाठी श्रीनगरला उतरणार असाल, तर आणखी तीन गोष्टी. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. परतताना टर्मिनलच्या आधीच गाड्या आणि सामान तपासलं जातं, त्यामुळे एरवीपेक्षा बरंच आधी निघा. बर्फ आणि धुक्यामुळे तिथली विमानं रद्द होतात, म्हणून परतीच्या तिकिटानंतर रजेचा एक दिवस राखून ठेवा.

परत आल्यावर

घरी आल्या आल्या बॅग तशीच माळ्यावर टाकली, तर पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. कपडे धुऊन सावलीत कडकडीत वाळवा. डाउन जॅकेट दाबून न ठेवता हँगरला लटकवा, सामानाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्वतःच्या स्की असतील तर कडा पुसून त्यांवर मेणाचा थर द्या; इथल्या खाऱ्या हवेत त्यांना लवकर गंज चढतो. स्वतःच्या स्की घ्याव्यात का, या प्रश्नाचं उत्तर देताना हे कामही धरा: बर्फावर वर्षातून आठवडाभर जाणार असाल, तर उरलेले एक्कावन्न आठवडे त्यांची काळजी पनवेलमध्ये घ्यायची आहे. बहुतेकांना भाडंच परवडेल.