स्वस्थ पडलेल्या मेंदूचें संभाषण

गेल्या स्नेहसंमेलनास आमची एक जुनी विद्यार्थिनी काठी टेंकीत आली होती. वय अजून तिशीच्या आंत. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार आहे. मेंदूचीं चित्रें तिनें बरोबर आणलीं होतीं. ती म्हणाली, "सर, यांत डाग थोडेच आहेत, वाढलेलेही नाहींत, मग माझा हात कां अडखळतो? घरीं म्हणतात, मी ढोंग करतें." त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून वाचन करून जें समजलें तें येथें मांडीत आहों.

मेंदूंतील मज्जातंतूंवर मायलिन नांवाचें स्निग्ध वेष्टन असतें. त्यामुळें संदेश वेगानें धांवतो. या विकारांत शरीराची संरक्षक शक्तीच त्या वेष्टनावर उलटते व जागोजाग चट्टे पडतात. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयांतील शार्को यांनीं १८६८ सालीं या रोगाचें व्यवस्थित वर्णन केलें. त्या काळीं मृत्यूनंतर विच्छेदन केल्यावांचून चट्टे दिसत नसत. १९८१ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत एम. आर. आय. यंत्रानें ते जिवंत माणसाच्या मेंदूंत दाखविले. परंतु चट्ट्यांची संख्या आणि रोग्याचे हाल यांचा मेळ पुष्कळदां बसेना. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच होता.

हात हलविणें हें मेंदूंतील एकाच जागेचें काम नव्हे. माथ्यावरून कानाकडे उतरणारी एक पट्टी दोन्ही बाजूंस आहे. उजवी पट्टी डावा हात चालविते, डावी उजवा. तिच्या पुढच्या भागांत हालचालीचा बेत ठरतो, आणि मागें खालीं असलेला लहान मेंदू तोल सांभाळतो. दोन्ही अर्धांना जोडणारा तंतूंचा जाड जुडगा मध्यभागीं असतो. या रोगाचे चट्टे तेथेंही वारंवार आढळतात.

आतां ही सांखळी पाहावयाची कशी? मेंदूचा जो भाग काम करतो तेथें प्राणवायुयुक्त रक्त अधिक येतें, व त्याबरोबर तेथील चुंबकीय गुणही किंचित् बदलतो. १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं हा फरक यंत्रानें टिपतां येतो हें दाखविलें. पुढें १९९५ सालीं अमेरिकेंत मिलवॉकी येथें भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरोगी माणसांना नुसतें स्वस्थ पडून राहावयास सांगितलें. बोटही हलत नव्हतें; तरी डाव्या व उजव्या पट्टींतील रक्ताचे मंद चढउतार बरोबरीनें होत होते. एक लाट दहा सेकंदांची किंवा त्याहून लांब! दोन घरांतील दिवे एकाच क्षणीं मंद व एकाच क्षणीं तेजस्वी होऊं लागले, तर त्यांची तार एक असावी असा आपण तर्क करतों, तसाच हा प्रकार. (तर्क म्हणजे पुरावा नव्हे, हें आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.)

मार्क लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांत हीच परीक्षा केली. दोन्ही पट्ट्यांची संगत निरोग्यांहून कमी भरली. म्हणजे डाग मोजून जें कळत नाहीं, त्यांतील कांहीं भाग या बिघडलेल्या संगतींत सांपडूं शकतो. इतर निरीक्षणांत असेंही दिसलें कीं, साधें बोट हलवितांना या रोग्यांच्या मेंदूचे जास्त भाग कामास लागतात. जें दुसऱ्यास सहज साधतें त्यासाठीं यांच्या मेंदूस अधिक खपावें लागतें. यास ढोंग म्हणणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

मात्र हे निष्कर्ष रोग्यांच्या गटांची तुलना करून काढलेले आहेत. कांहीं गटांत संगत वाढलेलीही आढळली आहे, आणि एकट्या रोग्याचा उपचार या चित्रांवरून ठरविण्याइतकी ही विद्या अद्याप पक्की झालेली नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या मुलीस पत्रानें कळविलें. उत्तर आलें तें वांकड्यातिकड्या अक्षरांत, पण स्वहस्तें लिहिलेलें. त्यांत तिनें पुढचा प्रश्न विचारला होता: गेलेलें मायलिन पुन्हां चढतें काय? कांहीं अंशीं चढतें. तें अधिक चढावें यासाठीं संशोधकांचे प्रयोग चालू आहेत.