जमीन चोरीला जात नाही म्हणे!

मध्यंतरी सांगली जिल्ह्यातील एक वृद्ध बौद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. हातात सातबाराचा उतारा आणि सोबत पोलीस ठाण्यातून परत आलेला अर्ज. अर्जात त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले होते, 'आमची वतनाची जमीन चोरली.' ठाण्यातील अंमलदार हसला आणि म्हणाला, "बाबा, जमीन म्हंजे काय कोंबडी हाय व्हय, चोरीला जायाला? दिवाणीत जावा."

त्याच आठवड्यात तालुक्याच्या कोर्टात आम्ही दोन आरोपी पाहिले. एक पारधी समाजाचा तरुण. विहिरीवरच्या मोटारीची केबल नेल्याचा आरोप. त्याला पुकारताना शिपायाच्या तोंडी 'चोर' हा शब्द सहज आला. दुसरा एका पतसंस्थेचा पदाधिकारी. ठेवीदारांच्या पैशाचा आरोप. त्याला बसायला बाक मिळाले आणि त्याच्या प्रकरणाला सगळे 'अपहार' म्हणत होते. दोघांवरचे आरोप अजून सिद्ध व्हायचे होते. पण भाषेने निकाल आधीच देऊन टाकला होता. एक चोर, दुसरा साहेब!

आमच्या मराठीत दुसऱ्याचे घेण्याला शब्दांचा तुटवडा नाही. चोरी, उचलेगिरी, दरोडा हे शब्द गरिबाच्या वाट्याला. अपहार, अफरातफर, गैरव्यवहार, अनियमितता, घोटाळा हे शब्द प्रस्थापितांच्या वाट्याला. गरीब चोरतो. मोठा माणूस फक्त 'पैसे खातो', जणू भूक लागली म्हणून जेवला! सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात 'उचल' हा एकच शब्द घ्या. कारखान्याकडून शेतकऱ्याला मिळते ती पहिली उचल. मुकादमाकडून ऊसतोड मजूर घेतो तीही उचल. ती फेडताना त्याचा जन्म जातो. आणि याच धातूपासून झालेला 'उचल्या' हा शब्द एका अख्ख्या जमातीच्या कपाळी मारला गेला. वजनकाट्यावर उसाचे टन कमी दाखवले तर मात्र तिथे कोणी चोर नसतो. ती फक्त 'काटामारी' असते.

गंमत अशी की कायदा भाषेच्या उलट बोलतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे साध्या चोरीला पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा आहे. विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार केला तर कलम ३१६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत. आणि तोच अपहार लोकसेवकाने किंवा बँकचालकाने केला तर जन्मठेपेपर्यंत! म्हणजे कायद्याच्या तराजूत अपहार चोरीपेक्षा जड आहे. समाजाच्या जिभेवर मात्र तो हलका. असे का?

कारण शब्द कोणाला लावायचा हे कृत्यावर ठरत नाही, माणूस पाहून ठरते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवले. मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार! हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण 'सराईत गुन्हेगार' हा शब्द मागे ठेवून गेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम रद्द केले, तेव्हा विमुक्त जमातींना या शब्दाआडून कसे धरले जाते, याचीही दखल घ्यावी लागली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

याच मातीतले दुसरे उदाहरण पाहा. ७ जून १९४३ रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला. इंग्रजांच्या लेखी तो दरोडा, जनतेच्या लेखी स्वातंत्र्यलढा. जनतेचेच खरे होते, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण मग वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा'त जो मांग वीर उभा केला, त्याने भुकेल्या माणसांसाठी इंग्रजी खजिन्यावर हात घातला, त्याला गावाने त्याच मापाने मोजले काय? ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांना अर्पण केली, ती उगीच नव्हे. चोर कोण आणि वीर कोण, हे ठरवणारी लेखणी कोणाच्या हाती आहे, हाच खरा प्रश्न आहे.

आता त्या बाबांच्या अर्जाकडे येऊ. अंमलदार कायद्याच्या दृष्टीने पूर्ण चूक नव्हता. १८६० च्या दंड संहितेपासून चोरी फक्त जंगम वस्तूची होते. जमीन स्थावर. केबल चोरीला जाते. जिच्यावर विहीर आहे ती जमीन चोरीला जात नाही! ज्यांच्याकडे जंगम वस्तू होत्या त्यांना संरक्षण मिळाले. ज्याच्याकडे वतनाचा तुकडा होता त्याला 'दिवाणीत जा' मिळाले.

वतन तरी काय होते? गावाची राखण महाराने करायची, चोराचा माग महाराने काढायचा, शिवेच्या भांडणात साक्ष महाराची. या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली आणि जमिनी नवीन अविभाज्य शर्तीवर पुन्हा मिळाल्या. परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी कोऱ्या कागदावर अंगठे घेतले गेले, औषधपाण्याला दिलेल्या चार पैशांच्या बदल्यात कब्जे गेले. आणि दप्तरात नोंद कोणती? 'शर्तभंग'! म्हणजे शर्त मोडली महाराने. घेणाऱ्याला शब्दच नाही. गावाच्या शिवेचा साक्षीदार स्वतःच्या बांधाचा गुन्हेगार ठरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्याचे महार वतनाच्या जमिनीचे प्रकरण राज्यभर गाजले, तेव्हाही मथळ्यांत 'जमीन व्यवहार' हा शब्द होताच. मुद्रांक शुल्क किती बुडाले याची चर्चा झाली. मूळ वतनदारांचे काय, हे किती जणांनी विचारले?

बौद्ध म्हणून आमच्याकडे याहून नेमका शब्द आहे. पंचशीलातील दुसऱ्या शीलात तथागतांनी 'चोरी' म्हटलेले नाही. 'अदिन्नादान' म्हटले आहे. जे दिलेले नाही ते घेणे. त्यात जंगम-स्थावर हा भेद नाही. घेणारा पारधी की पाटील, रात्री घेतले की दुय्यम निबंधकासमोर दिवसाढवळ्या, हाही भेद नाही. प्रश्न एकच, देणाऱ्याने ते राजीखुशीने दिले होते काय? आणि कूटदन्त सुत्तात तर राजाला सल्ला मिळतो की, लुटारूंना नुसते दंड करून लूट थांबत नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला वेतन द्या. दंडुक्याची भाषा करणाऱ्यांनी हे सुत्त जरूर वाचावे.

मग करायचे काय? रडायचे नाही, शब्द बदलायचा. आम्ही बाबांचा अर्ज नव्याने लिहिला. अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदेशीरपणे बळकावणे किंवा त्याला तिच्यावरून हुसकावणे हा १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. आज ती तरतूद कलम ३(१)(फ) आणि (ग) मध्ये आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. २०१८ च्या कलम १८अ प्रमाणे या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. खोटा दस्त असेल तर बनावटगिरी, अंगठा फसवून घेतला असेल तर फसवणूक. हे सगळे शब्द कायद्यात आहेत. ठाण्याच्या टेबलावर ते आपणहून येत नाहीत, आपणच न्यावे लागतात.

वस्तीवस्तीतल्या सुशिक्षित तरुणांना आमचे सांगणे आहे. विहारात बसून आजोबांचे जुने सातबारे, फेरफार आणि वतनाचे उतारे काढा. 'शर्तभंग' लिहिले असेल तिथे घेणाऱ्याचे नाव शोधा. बाबांचा दुसरा अर्ज घेऊन आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा तोच अंमलदार होता. या वेळी तो हसला नाही. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि पोच दिली. लढाई लांब आहे, निकाल काय लागेल ते आज सांगता येणार नाही. पण बाहेर आल्यावर बाबा पोचीकडे पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, म्हंजे चोरीच की ही!"

होय बाबा, चोरीच. जयभीम!