खडकावरची माउली

माँटेनिग्रोतील पेरास्त गावाच्या धक्क्यावरून कोटोरच्या खाडीत दोन बेटे दिसतात. सायप्रसच्या झाडांनी झाकलेले सेंट जॉर्जचे बेट निसर्गाने दिलेले. शेजारचे, निळसर घुमटाच्या चर्चचे बेट मात्र माणसांनी पाण्यात दगड टाकून उभारलेले. त्याचे नाव 'गोस्पा ओद श्क्रप्येला', म्हणजे खडकावरची माउली. आख्यायिका अशी की, २२ जुलै १४५२ रोजी दोन कोळी भावांना इथल्या खडकावर मेरीमातेचे चित्र सापडले. तेव्हापासून पेरास्तकरांनी दगड आणि दगडांनी भरलेल्या जुन्या होड्या त्या जागी बुडवल्या. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी दरवर्षी २२ जुलैच्या संध्याकाळी एकमेकींना बांधलेल्या होड्यांची रांग अजूनही निघते आणि बेटाभोवती दगड टाकले जातात. हा विधी म्हणजे 'फाशिनादा'. मला तो बेटाच्या दुरुस्तीचा वार्षिक कार्यक्रमच वाटतो. भक्तीमुळे तो चुकत नाही, इतकेच.

परंपरेने या होड्यांत फक्त पुरुष असतात. पण बेटावरच्या संग्रहातील ज्या वस्तूपाशी सर्वाधिक वेळ थांबावे, ती एका स्त्रीच्या हातची आहे. यात्सिंता कुनिच-मियोविच हिने मेरीमातेचे एक भरतकाम २५ वर्षे केले, असे सांगतात. सोन्यारुप्याच्या तारांबरोबर तिने स्वतःचे केस वापरले. देवदूतांचे केस आधी गडद आहेत, पुढे पांढरे होत जातात. दर्यावर्दी गावात घरी राहिलेल्यांच्या नोंदी क्वचितच उरतात. इथे एक उरली आहे.

पेरास्तहून थोड्या अंतरावर कोटोर. १४२० ते १७९७ या काळात त्यावर व्हेनिसची सत्ता होती. डोंगरावर चढत गेलेली तटबंदी सुमारे साडेचार किलोमीटरची आहे. आतल्या ११९५ सालच्या सेंट ल्यूकच्या छोट्या चर्चमध्ये बराच काळ कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स अशी दोन्ही पंथांची उपासना चाले. दोन वेद्या आजही आहेत. १५ एप्रिल १९७९ च्या भूकंपात शहर खिळखिळे झाले. त्याच वर्षी युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला आणि सोबतच धोक्यातील वारशांच्या यादीतही. दुसऱ्या यादीतून तो २००३ मध्ये बाहेर पडला.

भिंती सावरल्या, पण धोका टळला असे म्हणवत नाही. आता तो जमिनीखालून येत नाही. खाडीकाठची बेसुमार बांधकामे आणि वेरिगे या अरुंद सामुद्रधुनीवर पूल बांधण्याची योजना यांबद्दल युनेस्कोने चिंता व्यक्त केली आहे. मोठाली पर्यटक-जहाजे सकाळी येतात, माणसे तटबंदीआत ओततात आणि बहुधा त्याच दिवशी निघून जातात. जुन्या शहरातली घरे भाड्याच्या खोल्या होतात आणि राहणारे बाहेर जातात. फाशिनादासाठी होडी वल्हवणारा गावकरीच उरला नाही, तर दगड कोण टाकणार?

म्हणून जाणाऱ्याने खाडीकाठी मुक्काम करावा आणि मग डोंगर चढावा. खाली ताटात व्हेनिस दिसते: माकुळाच्या शाईत शिजवलेला काळा भात, लसूण, पांढरी वाइन आणि पार्स्लीत शिजवलेले शिनाणे. कोटोरहून वळणावळणाच्या जुन्या रस्त्याने लोव्चेन पर्वताच्या कुशीतल्या न्येगुशी गावी पोहोचले की ताट बदलते. इथला 'प्रशुत' म्हणजे डुकराची मांडी मिठात मुरवून, बीच झाडाच्या लाकडाचा धूर देऊन महिनोन्‌महिने वाळवलेली. तिची चव गावकरी हवेच्या नावे लिहितात. समुद्राचा वारा आणि डोंगरवारा इथे भेटतात. सोबत इथलेच चीज. कवी आणि राज्यकर्ता न्येगोश याच गावचा, पण रस्त्याकडेच्या पाट्यांवर हॅमच जास्त दिसतो.

आणखी वर, थंडीच्या मुलखात 'काचामाक' खातात: मक्याचे पीठ आणि बटाटे एकत्र घोटून, वर दाट साय घालून केलेला गोळा. यजमान तो फार पुरातन म्हणून वाढतात. मका आणि बटाटा दोन्ही अमेरिकेतून आलेले. बटाटा या डोंगरात रुजवण्याचे श्रेय तर न्येगोशचा चुलता पेतार पहिला याला देतात, आणि त्याचा मृत्यू १८३० सालचा. मी हे जेवताना बोललो नाही. वाढप दुसऱ्यांदा आले होते.