मुद्रित मंडल फलकाचे आद्य नमुने व त्यांचा खर्च

इलेक्ट्रॉनीय उपकरणाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू करण्यापूर्वी मंडलाची योजना बरोबर आहे की नाही, हे पडताळून पाहण्यासाठी थोड्या संख्येने करवून घेतलेल्या फलकांना आद्य नमुने म्हणतात. निरोधक तक्त्यावर चिकटविलेल्या तांब्याच्या वर्खाचा अनावश्यक भाग रसायनाने काढून टाकून संवाहक मार्ग शिल्लक ठेवण्याची पद्धत पाउल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्यांनी लंडनमध्ये विकसित केली व १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये एकस्वासाठी अर्ज केला. आजचे बहुतेक फलक तत्त्वतः याच रीतीने तयार होतात.

फलकाची किंमत त्यास लागणाऱ्या तांब्यावरून ठरते, असा समज असतो. तो बरोबर नाही. आराखड्याची तपासणी, छिद्रण यंत्राची मांडणी, छिद्रांच्या आतील बाजूस तांब्याचा मुलामा देणे इ. कामांची पूर्वतयारी एका फलकासाठी जवळजवळ तेवढीच करावी लागते, जेवढी शंभरांसाठी. शिवाय कारखान्यातील काम मोठ्या तक्त्यावर चालते. ४५७ × ६१० मिमी. हे त्याचे एक प्रचलित माप आहे. कडा व फटी सोडूनही त्यात ५० मिमी. बाजूचे साठांहून अधिक चौरस फलक बसतात. दोन-तीन फलक हवे असणाऱ्या ग्राहकावर संपूर्ण तक्त्याचा भार पडल्यास नमुना महाग होणारच. यावरील उपाय म्हणजे अनेक ग्राहकांचे आराखडे एकाच तक्त्यावर एकत्र मांडणे. एकात्मित मंडलांच्या बाबतीत अमेरिकेतील मोसिस या सेवेने १९८१ पासून हेच तत्त्व अवलंबिले व त्यामुळे विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही आपल्या चकत्या तयार करवून घेता आल्या.

सामाईक तक्त्यावरील सर्व फलकांची जाडी, तांब्याचा थर व रंग एकच असावा लागतो. म्हणून प्रचलित मापे स्वीकारणे हा बचतीचा पहिला मार्ग होय. दोन थर, १·६ मिमी. जाडी, सु. ३५ मायक्रोमीटर जाडीचे तांबे व हिरवे रक्षक लेपन ही सर्वसाधारण मापे आहेत. मार्गांची रुंदी ०·१५ मिमी. पेक्षा व छिद्रांचा व्यास ०·३ मिमी. पेक्षा कमी न ठेवल्यास बहुधा जादा आकार पडत नाही. अनेक कारखाने १०० × १०० मिमी. पर्यंतचे फलक सवलतीच्या दरात देतात. आराखडा ही मर्यादा दोन-तीन मिमी. ने ओलांडत असेल, तर घटकांची फेरमांडणी करणे फायद्याचे ठरते. सोन्याच्या मुलाम्याऐवजी कथिलाचा लेप स्वस्त पडतो, मात्र अतिशय जवळजवळ पाय असलेल्या घटकांसाठी त्याचा पृष्ठभाग पुरेसा सपाट नसतो.

थरांच्या संख्येबाबत मात्र काटकसर अंगलट येऊ शकते. चार थरी फलकात आतील थर कोरून व दाबून जोडावे लागतात, त्यामुळे तो महाग असतो. तरीही उच्च कंप्रतेच्या मंडलात अखंड भूसंपर्क थर असल्यास गोंगाट बराच कमी होतो. असे मंडल हट्टाने दोन थरांत बसविले, तर दोष शोधण्यात जाणारे आठवडे वाचलेल्या रकमेपेक्षा महाग पडतात.

सर्वांत मोठा खर्च दुसऱ्यांदा मागणी नोंदविण्याचा असतो, व तो दरपत्रकात दिसत नाही. ट्रँझिस्टरच्या पायांचा क्रम उलटा घेणे किंवा जोडणीच्या खोबणीचे चित्र आरशातील प्रतिमेप्रमाणे काढणे, या चुका अनुभवी अभियंत्यांकडूनही होतात. आराखडा मूळ मापात कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष घटक ठेवून पाहिल्यास त्यांपैकी बऱ्याच उघडकीस येतात. कारखान्याकडे धाडावयाच्या गर्बर संचिका वेगळ्या आज्ञावलीत उघडून तपासाव्यात, कारण मूळ आज्ञावलीत बरोबर दिसणारा थर संचिकेतून गळालेला असू शकतो. शंकास्पद ठिकाणी शून्य ओहम् रोधकाची जागा ठेवल्यास जोडणी पुढे बदलता येते.

परदेशातून फलक मागविताना वाहतूक व सीमाशुल्क मिळून होणारा खर्च कित्येकदा फलकांच्या किंमतीहून जास्त होतो. अशा वेळी दोन-तीन आराखडे एकत्र पाठविणे किफायतशीर असते. एकथरी साधा फलक फेरिक क्लोराइडाच्या विद्रावात प्रयोगशाळेतही कोरता येतो. त्यात छिद्रांना मुलामा मिळत नाही, आणि तांबेयुक्त उरलेला विद्राव गटारात ओतता येत नाही.